फ्रेंच शिकवताना फळा जरा वेळ कोराच ठेवा: ऐकण्याचे आणि शब्दांचे वर्गात जमणारे खेळ

गोव्यात हायस्कूलला तिसरी भाषा म्हणून फ्रेंच घेणारी मुलं बरीच असतात आणि त्यातली कित्येक पेपरात छान मार्क काढतात, क्रियापदांची रूपं धडाधड लिहून दाखवतात, पण उद्या कोणी फ्रेंच टुरिस्टाने बसस्टँडवर अगदी साधं काही विचारलं तर तोंडाकडे बघत राहतात, कारण जो शब्द वहीत ढीगभर वेळा लिहिलाय तोच कानावर पडला की ओळखू येत नाही. दोष मुलांचा नाहीये. आपण शब्द पहिल्याच मिनिटाला फळ्यावर लिहितो, मुलं तो इंग्रजीच्या सवयीने वाचतात, आणि फ्रेंचमध्ये तर शेवटची व्यंजनं बरीचशी बोललीच जात नाहीत, म्हणजे डोळा एक सांगतो, कान दुसरं सांगतो आणि मुलं डोळ्याचं ऐकतात.

म्हणून मी वर्गात एकच नियम पाळते, नवा शब्द निदान तीन वेगवेगळ्या प्रकारे कानावर पडल्याशिवाय फळ्यावर जात नाही. "टीचर, लिहा ना बोर्डवर" अशी भुणभुण पहिले काही दिवस चालते, चालू द्या. खाली जे सगळं देतेय ते या एका नियमाभोवती आहे, आणि पस्तीस-चाळीस मिनिटांचा पिरियड, चाळीसेक मुलं, कधी असलेली कधी गेलेली लाइट हे धरूनच दिलंय.

एक सांगून ठेवते, या लेखात फ्रेंच शब्द देवनागरीत लिहिलेत ते फक्त तुम्हाला आवाजाचा अंदाज यावा म्हणून. मुलं वहीच्या कडेला गुपचूप देवनागरीत उच्चार लिहितातच, त्यांना ओरडू नका, पण तुम्ही स्वतः फळ्यावर असं लिहू नका, कारण काही स्वर देवनागरीत बसतच नाहीत आणि मग मुलं कायमचा चुकीचा आवाज धरून बसतात.

सुरुवात हुकूम देऊन करा

सामान काही लागत नाही, तुमचा आवाज पुरे. पहिल्या आठवड्यात आठ-दहा आज्ञा घ्या, लवे-वू (उभे राहा), आसेये-वू (बसा), एकुते (ऐका), रगार्दे (बघा), उव्हरे (उघडा), फेर्मे (बंद करा), तुशे (हात लावा), मोंत्रे (दाखवा), मार्शे (चाला), आणि यांच्या जोडीला वर्गातल्याच वस्तू, ला पोर्त (दार), ला फनेत्र (खिडकी), ल लिव्र (पुस्तक), ला शेझ (खुर्ची), ल साक (दप्तर).

पहिल्या फेरीत तुम्ही बोला आणि स्वतः करा, मुलं तुमच्याबरोबर करतील. दुसऱ्या फेरीत बोला पण स्वतः हलू नका. तिसऱ्या फेरीत क्रम मोडा, आणि चौथीत दोन तुकडे एकत्र करा, म्हणजे लवे-वू च्या मागोमाग तुशे ला शेझ. या सगळ्यात मुलांनी एकही शब्द बोलायचा नाहीये, आणि हे मुद्दाम आहे. कॅलिफोर्नियातले मानसशास्त्रज्ञ जेम्स अॅशर यांनी 1960 च्या दशकात ही पद्धत मांडली तेव्हा त्यांचं म्हणणं हेच होतं की लहान मूल बोलायच्या आधी कितीतरी महिने नुसतं ऐकतं आणि अंगाने उत्तर देतं, तर दुसरी भाषा शिकणाऱ्यालाही तशी मुभा द्यावी. आपल्या वर्गात याचा आणखी एक फायदा असतो, जी मुलं लाजतात, चुकलं तर हसतील म्हणून तोंड उघडत नाहीत, ती पहिल्या दिवसापासून खेळात येतात.

आज्ञा बसल्या की झाक आ दी खेळा, म्हणजे 'झाकने सांगितलं' असं आधी म्हटलं तरच करायचं, नुसतीच आज्ञा आली तर हलायचं नाही. फ्रान्समध्येही मुलं हा खेळतात. इथे एक गोष्ट बदला. चुकलेल्याला बाद करून बसवू नका, कारण सगळ्यात आधी तीच मुलं बाद होतात ज्यांना ऐकायची सगळ्यात जास्त गरज आहे, आणि मग ती मागच्या बाकावर बसून खिडकीबाहेर बघतात. त्याऐवजी रांगांना गुण द्या. आणि एक फेरी डोळे मिटून घ्या, कारण डोळे उघडे असले की अर्धा वर्ग पुढच्या हुशार मुलीकडे बघून उभा राहतो, तुम्हाला वाटतं सगळ्यांना समजलं.

जून-जुलैमध्ये पत्र्याच्या छपराच्या शाळांत पाऊस लागला की स्पीकरवरचं काहीही ऐकू येत नाही, तेव्हा हे हुकुमाचे खेळ सोन्यासारखे. रेकॉर्डिंगचं काम गणेश चवथीनंतर ठेवा.

रोज पाच मिनिटं आवाजांची

नाकातल्या स्वरांना फ्रेंच शिकवणारे उगाच घाबरतात. बाहेरच्या पुस्तकांत हा मोठा अवघड धडा असतो पण आपल्या मुलांना तो अर्धा आधीच येतो. घरी कोकणी बोलणारी, नाहीतर पेडण्या-सावंतवाडीकडची मराठी कानावर असणारी मुलं दिवसभर 'खंय', 'हांव', 'हंय' म्हणत असतात, नाकातून स्वर काढणं त्यांना कोणी शिकवावं लागत नाही. तिथूनच सुरू करा, 'खंय' म्हणायला लावा, मग तोच आवाज नाकात धरून फ्रेंचकडे या.

काम तीन स्वर वेगळे ऐकण्याचं आहे. बँ म्हणजे आंघोळ, बाँ म्हणजे बाक, बों म्हणजे चांगला. तसंच व्हँ (वाइन), व्हाँ (वारा), व्हों (ते जातात). मुलांना सांगा की पहिल्यासाठी एक बोट, दुसऱ्यासाठी दोन, तिसऱ्यासाठी तीन. तुम्ही म्हणायचं, त्यांनी छातीशी हात धरून बोटं दाखवायची, वर उंच नाही, नाहीतर मागचे पुढच्यांची बोटं बघतात. सुरुवातीला तोंडाचा आकार दिसू द्या, नंतर वहीने तोंड झाका. बहुतेक वर्गात बों पटकन कळतो आणि बँ-बाँ मध्ये घोळ होतो, म्हणून त्या दोनांवरच जास्त वेळ घालवा, तिघांना सारखा वेळ द्यायची गरज नाही.

खरी अडचण नाकाची नसून ओठांची आहे. 'तू' या अर्थाचा फ्रेंच शब्द आणि 'सगळं' या अर्थाचा शब्द देवनागरीत दोन्ही 'तू' असेच लिहिले जातील, पण आवाज वेगळे आहेत. पहिल्याच्या स्पेलिंगमध्ये नुसता यू असतो, दुसऱ्यात ओ आणि यू. दुसरा आपल्या ऊ सारखाच. पहिल्यासाठी मुलांना 'ई' म्हणायला लावा, लांब धरून ठेवायला लावा आणि जीभ अजिबात न हलवता फक्त ओठ शिट्टी मारल्यासारखे गोल करायला सांगा. वर्ग हसतो, हसू दे, आवाज नेमका तसाच निघतो. मग ऐकण्याचा खेळ, दसू (वर) आणि दसू (खाली) हे दोन शब्द, एकात तो गोल ईकार, एकात साधा ऊ. तुम्ही पेन टेबलाच्या वर आहे की खाली हे सांगायचं, मुलांनी आपलं पेन तसं ठेवायचं. ज्याचं पेन चुकीच्या जागी त्याला लगेच कळतं, तुम्हाला बोलावंही लागत नाही.

घशातल्या र वर सुरुवातीला वेळ घालवू नका. आपला जिभेचा र लावून बोललेलं फ्रेंच माणसाला समजतं, फ्रान्सच्या काही खेड्यांत जुनी माणसं तसा र म्हणायची. पण मुलांना तो ऐकून ओळखता आला पाहिजे, कारण पारी हा शब्द त्यांना पहिल्यांदा 'पाखी' सारखा ऐकू येतो.

नवे शब्द द्यायची पायरी-पायरी

एका पिरियडला सात-आठ शब्द बास. पुस्तकात वीस दिलेले असतात, ते धड्याच्या नावाखाली एकदम ओतू नका.

वस्तू किंवा चित्र हातात धरा. आधी नुसतं नाव सांगा, प्रत्येक शब्द दोनदा, आर्टिकलसकट, म्हणजे कधीच नुसतं 'शेझ' नाही, नेहमी 'ला शेझ'. मग दाखवायला सांगा, मोंत्रे ला शेझ. त्यानंतर हो-नाहीचे प्रश्न, से-त्यून शेझ? आणि मुद्दाम टेबलाकडे बोट दाखवून विचारा, मुलं नों म्हणून ओरडतील. पुढे दोनातलं एक निवडायचे प्रश्न, खुर्ची की टेबल, इथे मुलं पहिल्यांदा शब्द तोंडाने म्हणतील आणि त्यांच्या लक्षातही येणार नाही की आपण बोलायला लागलो. शेवटी, "हे काय आहे?" असा खुला प्रश्न. आणि मग फळा. लिहून झाल्यावर मुलांनाच विचारा की यातलं कुठलं अक्षर ऐकू आलं नव्हतं, ती त्या अक्षराखाली टिंब देतील. हे टिंब देणं मुलांना फार आवडतं, का ते मला कळलेलं नाही, पण लिहायचं तेच आणि बोलायचं तेच ही समजूत त्याने लवकर सुटते.

कुठले शब्द आधी घ्यायचे? इथे गोव्यात आपल्याकडे एक आयता खजिना आहे. पोर्तुगीज ही फ्रेंचची बहीण, दोघी लॅटिनच्या लेकी, आणि पोर्तुगीजातून आलेले शब्द मुलांच्या घरात आहेतच. पाव आणि ल पँ, फेस्त आणि ला फेत, इगर्ज (चर्च) आणि लेग्लीझ, इश्कोल (शाळा) आणि लेकोल, चेपें (टोपी) आणि ल शापो, दोतोर आणि ल दोक्तर, सोप आणि ला सूप, अननस आणि लानाना, काजू तर फ्रेंचमध्येही काजूच, न्वा द काजू. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत हे शब्द मुद्दाम पेरा. खेळ असा, तुम्ही फ्रेंच शब्द म्हणायचा, मुलांनी घरातला भाऊबंद शोधायचा. आजी-आजोबांकडे पोर्तुगीज असेल तर त्यांना विचारून यायला सांगा, दुसऱ्या दिवशी चार-पाच नवीन सापडून येतात. फसवे पण असतात, प्वार ऐकून सगळी कोकणीतला 'पेर' म्हणून पेरू सांगतात पण प्वार म्हणजे नासपती आणि पेरूला गोयाव. फसलेला शब्द जास्त लक्षात राहतो म्हणून हा मी मुद्दाम घालते.

आता ल (पुल्लिंगी) आणि ला (स्त्रीलिंगी). आपल्याकडे तो-ती-ते असल्यामुळे मुलांना लिंग ही कल्पना समजवावी लागत नाही, इंग्रजी माध्यमातले शिक्षक तिथे डोकं फोडत बसतात. पण मराठीचं लिंग फ्रेंचला लावलं की गोंधळ. नदी ती आणि ला रिव्हिएर, खुर्ची ती आणि ला शेझ, पाव तो आणि ल पँ, मासा तो आणि ल प्वासों, इथपर्यंत गाडी छान चालते. मग समुद्र तो पण ला मेर, चंद्र तो पण ला ल्यून, हात तो पण ला मँ. आणि ते वाले शब्द तर कुठेही जाऊ शकतात, घर ला मेझों, पुस्तक ल लिव्र, दार ला पोर्त, नाक ल ने. यासाठी वर्गाच्या दोन भिंती ठरवा, दाराकडची ल, खिडकीकडची ला. तुम्ही शब्द म्हणा, मुलांनी हात त्या भिंतीकडे करायचा. आधी आर्टिकलसकट म्हणा, म्हणजे फक्त कान लागतात, दोन दिवसांनी तेच शब्द आर्टिकल गाळून म्हणा, आता आठवण लागेल. क्रम उलटा केला तर हा खेळ नुसता अंदाजपंचे होतो.

अनेकवचन तर कानानेच शिकवायची गोष्ट आहे. फ्रेंचमध्ये अनेकवचनाचा एस लिहितात पण बोलत नाहीत, म्हणून एक की अनेक हे ल, ला आणि ले यावरूनच कळतं. 'ल' मध्ये ओठ थोडे पुढे आणि आवाज आखूड, 'ले' स्पष्ट ए. मुलांनी एक असेल तर एक बोट, जास्त असतील तर पूर्ण पंजा. आणि पुढचा शब्द स्वराने सुरू झाला की मधे झ उगवतो, ले-झामी (मित्र), दो-झर (दोन वाजले), ले-झाँफाँ (मुलं), तो झ ऐकू आला की पंजा. सहाचा आकडा बघा, नुसता सिस, सफरचंदांपुढे सी पोम, मुलांपुढे सी-झाँफाँ. नियम सांगत बसू नका, पंचवीस-तीस वेळा ऐकलं की आपोआप बसतं.

आकडे: हाउझी काढा

गोव्यात हाउझी (तंबोला) कोणाला शिकवायला लागत नाही, लग्नात, फेस्तात, क्लबात सगळीकडे चालतो, आणि नव्वदपर्यंतचे आकडे असल्यामुळे फ्रेंचसाठी तो जणू बनवलेलाच आहे. फ्रेंच आकडे सत्तरपर्यंत सरळ जातात आणि मग हिशेब सुरू होतो. सत्तर म्हणजे साठ-दहा, स्वासाँत-दिस. पंचाहत्तर म्हणजे साठ-पंधरा. ऐंशी म्हणजे चार-वीस, कात्र-व्हँ. नव्वद म्हणजे चार-वीस-दहा. मुलं हसतात, तेव्हा त्यांना एकोणऐंशी आणि एकोणसाठ मराठीत पटकन लिहायला सांगा, हसणं थांबतं.

एकदम नव्वदपर्यंत जाऊ नका. पहिले हाउझी वीसपर्यंतचे, मुलांनी वहीत नऊ चौकोन आखून हवे ते आकडे भरायचे, छापील तिकिटं नकोतच. इथे घोळ करणाऱ्या जोड्या ठरलेल्या आहेत, दो आणि दूझ (2 आणि 12), त्र्वा आणि त्रेझ (3 आणि 13), सिस आणि सेझ (6 आणि 16), कात्र आणि कातोर्झ (4 आणि 14). पिशवीतून आकडा काढल्यासारखं करा पण खरं म्हणजे याच जोड्या जास्त म्हणा, मुलांना कळत नाही. दुसरा टप्पा साठपर्यंत. तिसरा टप्पा फक्त साठ ते नव्व्याण्णव, आणि यावर सगळ्यात जास्त दिवस द्या, कारण दुकानातल्या किमती आणि फोन नंबर सगळं तिथेच अडतं.

या टप्प्यावर एक कडक नियम लागतो. आकडा पूर्ण बोलून होईपर्यंत पेन खाली. नाहीतर कात्र ऐकलं की मुलं 4 ला खूण करतात, मग व्हँ आलं की 20 ला करतात, आणि तुम्ही म्हटलेलं असतं 80. 24 आणि 80 ही जोडी तर रोज म्हणा. 24 मध्ये व्हँत-कात्र, वीसचा त ऐकू येतो, 80 मध्ये कात्र-व्हँ, त गायब, 81 मध्ये सुद्धा गायब. हा एक त ओळखता आला की निम्मी लढाई संपली. जिंकणाऱ्याने सगळे आकडे मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय बक्षीस नाही, म्हणजे बोलणंही झालं.

हाउझीचा कंटाळा आला की फोन नंबर. फ्रान्सचे फोन नंबर दहा आकडी असतात आणि दोन-दोनच्या जोडीने वाचतात, आपला मोबाइलही दहा आकडी, म्हणजे काम सोपं. खोटे नंबर बनवा, खरे वर्गात फिरवू नका. तुम्ही पाच जोड्या म्हणा, मुलं लिहितील. 75 म्हटलं की हमखास कोणीतरी 60 आणि 15 असे दोन वेगळे लिहून मोकळं होतं आणि नंबर बारा आकडी होतो, मग स्वतःच मोजून चूक शोधायला सांगा, दहाच आकडे हवेत ही तपासणी आयतीच मिळते. पुढे जाऊन बेल्जियमचं किंवा स्वित्झर्लंडचं रेकॉर्डिंग लावलंत तर सत्तरला सेप्ताँत आणि नव्वदला नोनाँत ऐकू येईल, तेव्हा मुलं तक्रार करतील की हेच आधी का नाही शिकवलं.

तारखांसाठी मुलांच्या ओळखीच्या तारखा घ्या, उगाच पुस्तकातल्या पिएरचा वाढदिवस कशाला. फळ्यावर मराठीत फक्त घटना लिहा, गोवा मुक्ती, घटकराज्य, भारताचं स्वातंत्र्य, बास्तीय (पॅरिसचा हा तुरुंग लोकांनी घेतला आणि फ्रेंच क्रांती पेटली). तुम्ही फ्रेंचमध्ये तारीख आणि साल म्हणायचं, मुलांनी जुळवायचं, 19 डिसेंबर 1961, 30 मे 1987, 15 ऑगस्ट 1947, 14 जुलै 1789. सालात सत्याऐंशी आणि एकोणनव्वद आपसूक येतात. आणि 18 जून जरूर घाला. पणजीचा अठरा जून रस्ता सगळ्यांना माहीत असतो, 1946 मध्ये त्या दिवशी मडगावात लोहियांनी सभा घेतली म्हणून ते नाव. फ्रान्समध्येही 18 जून हे नाव रस्त्यांना आणि चौकांना दिलेलं आहे, पॅरिसला मोंपार्नासपाशी त्या नावाचा चौकच आहे, कारण 1940 साली त्या दिवशी जनरल द गोल यांनी लंडनहून बीबीसी रेडिओवरून फ्रेंच लोकांना लढत राहायची हाक दिली. दीझ-युईत ज्वँ हे शब्द मग कोणी विसरत नाही.

रस्ता सांगा, बोट फिरवा

कागदावर आपल्याच गावाचा साधा नकाशा काढा, डिचोलीची शाळा असेल तर डिचोलीचा, फोंड्याची असेल तर फोंड्याचा. बसस्टँड, मार्केट, देऊळ, इगर्ज, पोस्ट, शाळा एवढी ठिकाणं पुरे, आणि रस्ते चौकटीसारखे सरळ काढा, खऱ्या नकाशाच्या मागे लागू नका. मुलांचं बोट बसस्टँडवर. तुम्ही सांगत जा, शेवटी "आपण कुठे पोचलो?" असं विचारा. सांगताना तीनच शब्दांवर भर, आ गोश (डावीकडे), आ द्र्वात (उजवीकडे), तू द्र्वा (सरळ). द्र्वात आणि द्र्वा यांत फरक फक्त एका त चा, आणि तो चुकला की मुलगा देवळाऐवजी पोस्टात. सगळं लक्ष त्या त वर ठेवा, बाकी शब्द नंतर येतील. वर्गात जागा असेल तर बाक सरकवून एकाचे डोळे बांधून चालवा, पण शेजारच्या वर्गात परीक्षा नसेल त्या दिवशी.

चित्राची डिक्टेशन सगळ्यांना माहीत असते म्हणून थोडक्यात. राक्षस काढायचा, त्याला तीन डोळे, एक हिरवं नाक, पाच हात. शरीराचे भाग, आकडे आणि रंग एकाच पिरियडात उजळतात. प्रत्येक वाक्य दोनदाच म्हणा. तिसऱ्यांदा मागतील, देऊ नका, नाहीतर पहिल्या दोन वेळा कोणी ऐकतच नाही.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारावरचा साखळी-खेळ मात्र नीट चालवावा लागतो. झ व्हे ओ मार्शे ए झाशेत, मी बाजारात जाते आणि विकत घेते, मग एकाने केळी, दुसऱ्याने केळी आणि पपई, तिसऱ्याने त्यात बांगडा वाढवायचा. सगळ्या वर्गाची एकच साखळी केलीत तर दहाव्या मुलापर्यंत मागचे झोपतात. सहा-सहांचे गट करा. शब्द इथलेच घ्या, ल माक्रो (बांगडा), ला सार्दीन (तारली), ला क्रव्हेत (सुंगट), ल क्राब (कुर्ली), ला माँग, ला पापाय, ल पीमाँ (मिरची), लोन्यों (कांदा). खेळ झाल्यावर तुम्ही स्वतः एक पिशवी भरा, म्हणजे पाच वस्तू आणि त्यांच्या किमती फ्रेंचमध्ये सांगा. मुलांनी वहीत आठ वस्तूंची यादी आधीच लिहून ठेवलेली असेल, जी पिशवीत गेली तिला खूण आणि किंमत, राहिलेल्या तीन तशाच. या तीन न आलेल्या वस्तूंमुळेच मुलं शेवटपर्यंत ऐकतात, सगळ्याच आल्या असत्या तर कान कशाला लावायचा.

रेकॉर्डिंग केव्हा आणि कसं

पहिले दोन-तीन महिने तुमचा आवाजच चांगला, कारण तुम्ही मुलांचे चेहरे बघून वेग कमी-जास्त करता, मोबाइल ते करत नाही. पण त्यानंतरही तुमच्याच आवाजावर राहिलं तर मुलांना फक्त टीचरचं फ्रेंच समजतं. म्हणून हळूहळू दुसरे आवाज आणा, सगळ्यात सोपं म्हणजे कॉलेजात फ्रेंच शिकणाऱ्या कोणा मुलाकडून, दुसऱ्या शाळेतल्या सरांकडून व्हॉट्सअॅपवर अर्ध्या-एक मिनिटाचं रेकॉर्डिंग मागवणं.

नेटवर तेव्हेसॅंक मोंद (TV5MONDE) या फ्रेंच चॅनेलची शिकणाऱ्यांसाठीची साइट फुकट आहे आणि अगदी पहिल्या पातळीपासून सुरू होते. आरएफआय या फ्रेंच रेडिओचं सोप्या फ्रेंचमधलं दहा मिनिटांचं बातमीपत्र पण चांगलं आहे, त्याचा लिहिलेला मजकूरही मिळतो, पण ते नावाप्रमाणे सोपं नाही, नववीच्या मुलांना लावलंत तर ती हिरमुसतील. ते तुम्ही स्वतःचा कान ताजा ठेवायला ऐका. काहीही लावायचं असेल ते घरूनच डाउनलोड करून न्या, स्पीकर चार्ज करून न्या, आणि टेबलावर न ठेवता वर्गाच्या मधल्या बाकावर ठेवा.

लावायच्या आधी दोन मिनिटं विषय सांगा आणि एक प्रश्न द्या, प्रश्न आधी, ऑडिओ नंतर. पहिल्यांदा ऐकताना एवढंच, किती माणसं बोलतायत, कुठे आहेत, खुश आहेत की वैतागलेली. दुसऱ्यांदा आकडे, वेळ, नावं. मग बाकावरच्या जोडीदाराशी उत्तरं ताडून बघू द्या, मराठीत कुजबुजले तरी चालेल. तिसऱ्यांदा वाक्यावाक्याला थांबवत, आणि चौथ्यांदा मजकूर हातात देऊन, तेव्हा वर्गात "अरे हे होय!" असा आवाज येतो. मजकूर आधी दिला तर ते वाचन झालं, ऐकणं राहून गेलं. आणि प्रत्येक शब्दाचा अर्थ सांगत बसू नका, सगळं समजलं नाही तरी काम होतं हेच तर शिकवायचंय.

मार्क कसे द्यायचे

मुलं मार्क नसलेल्या गोष्टी मनावर घेत नाहीत, त्यामुळे पंधरा दिवसांतून एकदा पाच मिनिटांची चिठ्ठी-परीक्षा घ्या, पूर्वसूचना न देता. दहा प्रश्न, त्यातले तीन आकडे, तीन एक-की-अनेक, दोन ल-की-ला, दोन चित्राला खूण. ज्यांना पुढे देल्फची (DELF, फ्रेंच येत असल्याचं प्रमाणपत्र देणारी परीक्षा) पहिली परीक्षा द्यायचीय त्यांना सांगा की तिथे ऐकण्याला शंभरातले 25 मार्क असतात, रेकॉर्डिंग दोनदाच लावतात, आणि एकूण 50 मिळाले तरी ऐकण्यात किमान 5 नसतील तर नापास.

तपासताना स्पेलिंगला मार्क कापू नका. ऐकण्याच्या परीक्षेत एखाद्याने खुर्चीचं स्पेलिंग कसंही लिहिलं असेल, अगदी देवनागरीत लिहिलं असेल, तरी त्याला खुर्ची ऐकू आली ना, पूर्ण मार्क. स्पेलिंगसाठी बाकी सगळे पेपर आहेतच. आणि कोणी सतत एकाच प्रकारात चुकत असेल, सारखं "काय, काय" विचारत असेल, तर त्याला आळशी ठरवायच्या आधी पुढच्या बाकावर आणून बघा, तरीही फरक पडला नाही तर घरच्यांशी बोलून कान तपासून घ्यायला सांगा.